पार्किंगमधला ऑइलचा डाग: आधी भुसा, मग पाणी

कोल्हापुरातल्या आमच्या घरापुढच्या पार्किंगला सिमेंटचा कोबा आहे आणि गेटजवळ पेव्हर ब्लॉक. गाडीच्या इंजिनखाली ताटाएवढा जुना काळा डाग होता आणि स्कूटरच्या जागेवर ताजे ठिपके. दोन्ही काढले, पण दोन्हीची पद्धत वेगळी.

त्याआधी गळती बंद केली. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला की सकाळी ठिपका नेमका कुठे पडतो ते कळतं. काळपट, बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. पाणचट हिरवा किंवा गुलाबी असेल तर बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. आमच्याकडे सम्पच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, ड्रेन बोल्टचं वॉशर चपटं झालं होतं. ऑइल बदलताना हे वॉशर नवं घालायचं असतं.

ताज्या ऑइलवर पाणी मारायचं नाही. पाण्याने ते पसरतं आणि दुप्पट जागा खराब होते. मी त्यावर लाकडाचा बारीक, कोरडा भुसा बोटभर जाड टाकला, पायाने दाबला आणि रात्रभर ठेवला. टिंबर मार्केटकडे कुठल्याही वखारीत तो मिळतो. सकाळी भुसा ओलसर, तपकिरी झालेला असतो. तो झाडून पुन्हा कोरडा टाकायचा. दुसऱ्या थरानंतर फक्त पुसट सावली राहिली.

तिच्यासाठी लिटरभर कडक गरम पाण्यात 100 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड घेतलं. हातमोजे घालून ते ओतलं, 20 मिनिटं ओलं ठेवलं आणि प्लास्टिकच्या खरखरीत ब्रशने घासलं. लोखंडी तारेचा ब्रश टाळा. तुटलेली तार कोब्यात अडकते आणि पावसाळ्यात गंजाचा डाग उमटतो. इथे खरं काम लिक्विड करतं. तळणाच्या तेलाचा सोड्याने साबण बनतो, इंजिन ऑइलचा बनत नाही, कारण ते खनिज तेल आहे. नुसत्या सोड्याने घासून दमणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जुना डाग घासून जात नाही, कारण ऑइल कोब्याच्या छिद्रांत खोल मुरलेलं असतं. त्याला वर ओढूनच काढावं लागतं. पाव किलो मुलतानी मातीत रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन थोडं थोडं घालून थालीपीठाच्या पिठाएवढं घट्ट मळलं. डागाच्या कडेपलीकडे दोन बोटं जाईल असा, साधारण 8 मिलीमीटर जाडीचा थर थापला. वर प्लास्टिकचा कागद घालून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. 24 तासांनी कागद काढून थर पूर्ण वाळू दिला. टर्पेंटाइन माती आणि कोबा दोन्हींत शिरून ऑइल पातळ करतं आणि थर वाळताना ते वर खेचलं जातं. वाळलेला थर भेगाळतो, कडा उचलतात. खापरीसारखा तुकडा उलटा करून पाहिला तर खालची बाजू मेणचट पिवळी-तपकिरी दिसते. तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे. ताटाएवढ्या डागाला तीन वेळा लेप लागला, दर वेळी रंग फिकट होत गेला. लेप उघडा असताना जवळ विडी-काडी नको, आणि पेट्रोल तर मुळीच वापरू नका.

हायड्रोक्लोरिक ॲसिडचा सल्ला हमखास मिळतो. ॲसिड सिमेंट खातं, ऑइलला हात लावत नाही. पृष्ठभाग खडबडीत होऊन पुढचं ऑइल जास्त मुरतं.

पेव्हर ब्लॉकला प्रेशर वॉशर लावला तर सांध्यातली कच वाहून जाते आणि ब्लॉक हलू लागतात. म्हणून नोझल फूटभर वर, तिरकं धरलं आणि नंतर सांधे कोरड्या बारीक कचेने भरले. एक ब्लॉक पार मुरलेला होता, तो उचलून नवा बसवला. पेव्हर बसवतानाच दोन-चार ब्लॉक बाजूला ठेवलेले असले की रंग जुळतो.

ऑइलचा भुसा आणि माती बंद पिशवीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलबरोबर दिली. गटारात टाकू नका. जयंती नाल्यातून ते पंचगंगेत पोचू शकतं.

शेवटी कोबा कोरडा झाल्यावर त्यावर चार थेंब पाणी टाका. मुरलं तर काम झालं. मोत्यासारखं वर उभं राहिलं तर आत ऑइल आहे, आणखी एक लेप लागेल.