चार वर्षांत किती जण?

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळते. शाळेचा ग्रॅज्युएशन दर, म्हणजे नववी ते बारावी चार वर्षांत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, काढायचा असतो. २००८ च्या फेडरल (अमेरिकी केंद्र सरकारच्या) नियमानुसार नववीत पहिल्यांदा आलेली मुलं धरायची, नंतर दाखल झालेली मिळवायची, शाळा बदललेली किंवा परदेशी गेलेली वजा करायची. उरलेल्यांपैकी चार वर्षांत डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, किती टक्के जणांना मिळाला, तो शाळेचा दर. वजा करायला मात्र लेखी पुरावा लागतो. एक मुलगी घरच्यांबरोबर ग्वाटेमालाला परतल्याचं तिच्या मैत्रिणी सांगतात, पण घरचा फोन बंद, हातात कागद नाही. त्यामुळे ती गळतीतच. तरी हा कडकपणा मला पटतो. नाहीतर ‘दुसरीकडे गेला’ एवढं लिहून कुणालाही यादीतून उडवता येईल. पाचव्या वर्षी जिद्दीने डिप्लोमा मिळवणारा मुलगा या दरात शाळा सोडलेल्यांच्याच रांगेत येतो, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. २०१५ च्या फेडरल शिक्षण कायद्याने राज्यांना पाच वर्षांचा दरही धरता येतो. तोही तितक्याच ठळकपणे छापा.