आमची वाटचाल : कुपवाडच्या शेडमधला खोटा धूर

आम्ही मूळचे थ्रीडी वॉकथ्रू करणारे, सांगली-मिरजेतल्या बिल्डर लोकांचे फ्लॅट बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला आतून फिरवून दाखवायचे एवढाच धंदा, २०२० ला लॉकडाऊन लागला आणि साइट बंद तसं आमचंही काम बंद. त्याच वर्षी क्वेस्ट टू हा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट आला, तो घातला की आपण थ्रीडी जागेच्या आतच उभे आहोत असं वाटतं, त्याला कॉम्प्युटर नको की वायर नको, बॅगेत टाकून कुठंही न्या. कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका कारखानदारांनी विचारलं, आमच्या शेडला आग लागलेली दाखवाल का?

तिथनं खरी सुरुवात. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानं जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो, त्यामुळं आग विझवायचे सिलिंडर, पाण्याचे हायड्रंट तपासले जातात, पण माणसांचं काय? ड्रिलला सायरन वाजतो, सगळे रांगेनं असेंब्ली पॉइंटला जातात, सही करतात, परत मशीनवर. धूर कुणी बघितलेलाच नसतो, आणि आगीत माणसं भाजण्यापेक्षा धुरानंच जास्त जातात.

म्हणून आम्ही त्यांच्या शेडचं मोजमाप घेऊन हेडसेटमध्ये हुबेहूब शेड उभं केलं आणि रोज ज्या दारानं पंचिंग करून आत येतात तेच दार धुरानं भरून टाकलं. सायरन झाला की बहुतेक सगळे तिकडंच पळतात हो! मागचं इमर्जन्सी दार जवळ असतं, वर हिरवा बोर्ड पेटलेला असतो, तरीपण. एक जुने फिटर मामा मात्र धूर दिसताच खाली वाकले, भिंत चाचपत मागं वळले (खरी भिंत कुठली, प्रत्यक्षात उभे होते ते कॅन्टीनच्या मोकळ्या हॉलमध्ये) आणि हेडसेट काढल्यावर पहिलं हेच बोलले, "साहेब, मागच्या दारापुढं बॅरल आहेत, ते आधी हलवा." मोजमाप घेताना बॅरल होते तसेच आम्ही आत घेतले होते. त्याच दिवशी हलवले.

सुरुवातीला लोकांना चक्कर यायची, कारण जॉयस्टिकनं डोळ्यांना चालल्यासारखं वाटतं पण अंग जागेवरच, मग आम्ही खरंच चालायला लावलं आणि तक्रारी खूप कमी झाल्या. मावशींच्या अंबाड्यावर हेडसेटचा पट्टा बसत नाही, त्याला वेगळा पट्टा शिवून घेतला. सिलिंडरची पिन ओढायची सवय मात्र खऱ्या सिलिंडरवरच लागते, ते आम्ही मैदानातच करून घेतो, त्यात तडजोड नाही.

आता मिरजेतल्या एका हॉस्पिटलचं काम चालू आहे. तिथं पेशंटला जिन्यानं खाली पळवत नाहीत, आधी त्याच मजल्यावर आग-धूर अडवणाऱ्या फायर डोअरच्या पलीकडं न्यायचं असतं, त्यामुळं सध्या सिस्टर लोकांबरोबर बेड ढकलत कुठल्या वळणावर अडकतो ते बघतोय.