भारवाही भिंतीत खिडकी काढताना

आमच्या घराचे बांधकाम १९७४ सालचे आहे. त्यात खांब नाहीत, स्लॅब थेट चौदा इंची विटांच्या भिंतींवर बसलेला आहे. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीत चार फुटी खिडकी काढायचे ठरल्यावर इंजिनिअरचा आराखडा, परवानगी आणि गवंडी हे सारे आठवड्याभरात जमून आले.

पद्धत अशी होती की, स्लॅबला आतून टेकू द्यायचे, भिंतीच्या आतल्या निम्म्या जाडीत लिंटेलपुरती (खिडकीच्या वर आडवी बसून वरचा भार पेलणारी काँक्रीटची तुळई) खाच पाडायची, आधीच ओतून मुरवलेले साडेपाच फुटी लिंटेल दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकवून बसवायचे, ते पक्के झाल्यावर बाहेरच्या निम्म्या जाडीत तसेच करायचे आणि त्यानंतरच खालच्या विटा काढायच्या. एकेक लिंटेल शंभर किलोंहून जड असल्याने ते उचलायला चार माणसे लागतात, हे आधी विचारून ठेवावे. आम्ही ऐन वेळी शेजाऱ्यांना हाका मारल्या.

दहा दिवसांत दोन्ही लिंटेले बसली आणि काम तिथेच अडकले. गवंडी म्हणत होता, "साहेब, उद्या फोडू." इंजिनिअरने मात्र आपण पाहिल्याशिवाय एक वीटही काढू नका असे बजावले होते, आणि ते आले सहा दिवसांनी. तोवर आई टेकूंमधून वाट काढत स्वयंपाक करीत होती. एका टेकूला तिने चहाची गाळणीही अडकवली होती. मी रोज फोन करीत होतो आणि, खरे सांगायचे तर, मनातून गवंड्याच्याच बाजूचा होतो.

इंजिनिअरांनी आल्यावर लिंटेलच्या वरचा सांधा खिळ्याने खरवडला आणि हॅक्सॉचे (लोखंड कापायच्या करवतीचे) पातळ ब्लेड आत सरकवले. ते चार बोटे सहज आत गेले. सांध्याचे तोंड तेवढे सिमेंट-वाळूचा माल लावून बंद केले होते, मागे पोकळी होती. भिंत खाली फोडली असती, तर वरच्या विटा ती पोकळी भरेपर्यंत खाली बसल्या असत्या आणि स्लॅबपर्यंत तडा गेला असता. सांधा पुन्हा कोरून, एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू अशा प्रमाणाचा, मुठीत जेमतेम वळेल इतकाच ओला माल लाकडी ठोकणीने ठासून भरावा लागला. त्या वेळी मी स्वतः शिडीवर उभा होतो, ब्लेड घेऊन. ते कुठेही शिरत नाही हे पाहिल्यावरच मी खाली उतरलो. त्यानंतर आणखी सात दिवस पाणी मारणे आले. तेव्हा गवंड्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी साधे हॅक्सॉचे ब्लेड त्या सांध्यात घालून पाहावे.

विटा वरून खाली काढत यावे. आमच्याकडे त्याला अर्धाच दिवस लागला. भिंतीतली वायर कुठून जाते ते मात्र आधीच पाहायला हवे होते, कारण कटर लागून फ्रिजची लाइन गेली. चौकटीचे माप भगदाड तयार झाल्यावरच द्यावे, आणि खिडकीच्या खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूस उतार ठेवायला सांगावे. आमचा सपाट राहिला आहे, त्यामुळे पावसाळ्यात तिथे अजूनही फडके ठेवावे लागते.