फरशीच्या अलीकडे

माउलींची पालखी सासवडला पोचली त्या संध्याकाळी मी स्पेनमधल्या सोतो दे लुइन्या गावात होते. बहिणीने दिवेघाटातला व्हिडिओ पाठवला होता. अल्बेर्गेच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या घराच्या, ओट्यावर बसून तो तीनदा पाहिला. टाळ ऐकू आले की अजूनही पोटात कालवतं.

इरुनहून निघाल्याला किती दिवस झाले हे मोजणं मी तोवर सोडून दिलं होतं. उत्तर किनाऱ्याची ही पायी यात्रेची वाट, कामिनो, सांतियागोच्या तीर्थापर्यंत 820 किलोमीटरच्या आसपास भरते. सान सेबास्तियान, बिल्बाव, सांतांदेर, गिहोन आले आणि गेले, वहीवर शिक्के उमटले. इथे दिंडी नाही, विणेकरी नाही. पहाटे अंधारात प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरतात, कुणी कुणाला हाक मारत नाही, जो तो आपापला निघतो. मला त्याचा फार राग यायचा. मी मनातल्या मनात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ सुरू करायची आणि वाट दाखवणारे पिवळे बाण बघत चालू लागायची. राग कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या मैलावर उतरायचा.

आस्तुरियासचा हा पश्चिमेकडचा किनारा मला सगळ्यात आवडला. समुद्र सतत सोबत, पण गावं कोळ्यांची नव्हेत. मासे कुदियेरोला. इथली माणसं शेतकरी. समुद्रापासून शंभरेक मीटर उंचावर सपाट पट्टा आहे, त्यावर कुरणं, मका, आणि मक्याच्या ताटांवर चढवलेला फाबेस नावाचा टपोरा पांढरा घेवडा. कुरण थेट कड्याच्या टोकापर्यंत जातं. गाय चरत असते आणि तिच्या पायांखाली, खूप खाली, लाटा फुटत असतात. एका चर्चभोवतीच्या पाच-सात वाड्या मिळून एक पार्रोकिया. माणूस गाव सांगताना तीच सांगतो. घराशेजारी ओर्रेओ, म्हणजे चार खांबांवर उचललेलं लाकडी कोठार. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चपटी शिळा आडवी ठेवलेली, उंदीर वर चढू नये म्हणून. सहा किंवा जास्त खांब असले की त्याला पानेरा म्हणतात. मला प्रत्येक वेळी आजोळची कणगी आठवायची.

सोतोजवळच सान मार्तीन दे लुइन्या आहे. तिथल्या चर्चच्या जमिनीत कोरलेली एक ओळ आहे, एवढं वाचलेलं होतं. संध्याकाळच्या मिसेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, दार उघडं होतं म्हणून आत गेले. फरशीवर अक्षरं. पुण्यात वर्षभर शिकलेलं माझं स्पॅनिश तेवढ्याला पुरलं. वाकेइरोंनी मिसा ऐकायला इथून पुढे येऊ नये.

वाकेइरो म्हणजे इथले गुराखी. उन्हाळ्यात गुरं आणि अख्खा संसार घेऊन डोंगरावरच्या ब्रान्यांत, म्हणजे उन्हाळी कुरणांत, जायचे, थंडीत खाली यायचे. आपल्या धनगरांसारखे. देव तोच, प्रार्थना तीच, पण उभं राहायचं मागे, दाराशी.

मी त्या ओळीच्या अलीकडेच उभी राहिले. पाय पुढे टाकवेना. पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, तिथे आई मला दरवेळी थांबवायची. ‘आधी इथे डोकं टेक’ म्हणायची. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली देऊळ उघडलं, तेव्हा आई लहान होती. त्या संध्याकाळी मी मागेच बसून मिसा ऐकली. एकही शब्द मनात शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी टाच गेली.

सोतोहून कादावेदोला जायच्या दोन वाटा. एक डोंगरावरून, दुसरी किनाऱ्याने. पायांचा विचार करून मी किनाऱ्याची धरली आणि तिथेच चुकले. त्या सपाट पट्ट्याला ओढ्यांनी जागोजागी चिरलंय. गाव लागलं की दरी, दरी चढली की गाव. नोवेयाना, सांता मारिना, बायोता. डोक्यावरून महामार्गाचे उंच पूल सरळ जातात आणि आपण खाली निलगिरीच्या झाडीत चिखलातून उतरतो, पुन्हा चढतो. ओर्बायू, तिथली ती पावसासारखी न वाटणारी भुरभुर, सकाळपासून अंगावर होती. मोजे ओले. बायोताच्या अलीकडे उजव्या टाचेवरचा फोड एवढा भरला की बूट टेकवताना डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. मागून चौघं आली, हसत ‘बुएन कामिनो’, म्हणजे यात्रा सुखाची होवो, म्हणाली आणि पुढे गेली. मला त्या चौघांचा एवढा संताप आला की रडू फुटलं. विठ्ठलाशीही भांडले. कशाला आणलंस इथे, म्हटलं, तिकडे तुझी वारी चाललीये आणि मी इथे निलगिरीत.

एका ओर्रेओखाली, कोरड्या जागेत बसले. न विचारताच. समोरच्या घरातून ऐंशीच्या पुढची एक बाई आली. पायांत माद्रेन्यास, खाली तीन खुंट्या असलेले लाकडी जोडे. मला वाटलं हाकलेल. तिने नुसतं बुटाकडे बोट केलं. मी काढला. ‘आय, नेन्या,’ म्हणाली. नेन्या म्हणजे पोरी. मी साठीची.

मग ती घाईने काहीच करेना. आधी घमेल्यात कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं, आणि माझा पाय स्वतः धरून त्यात ठेवला. मी ओशाळून ओढून घेतला, तिने परत ठेवला. गुडघ्यावर टॉवेल अंथरून पाय मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. सुई चुलीवर धरली. निळा दोरा ओवला. फोडातून सुई आरपार नेली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं बोटभर कापली. पाणी त्यातून झिरपत राहतं. ओढायचा नाही, हे तिने बोट नाचवून तीनदा बजावलं. पाव आणि चीज दिलं. समोरच्या शेताकडे हात करून सांगितलं की तिच्या लहानपणी वादळानंतर किनाऱ्यावर येणारं ओक्ले, म्हणजे समुद्री शेवाळ, बैलगाडीतून चढण चढवून आणायचे आणि खत म्हणून घालायचे. आता मुलं आविलेसला. गवत शेजारी कापून नेतो.

पाय तिच्या मांडीवर असतानाच मी सान मार्तीनच्या फरशीबद्दल विचारलं. का विचारलं कोण जाणे. तिने मान हलवली. तिच्या आजीच्या वेळी वाकेइरोंत मुलगी देत नसत, म्हणाली. ‘आणि तुमचं घर?’ आमचं घर इथलंच, शेतकऱ्यांचं, म्हणाली. फरशीच्या पुढचं.

तरडगावला माझ्या आजीच्या दारात पालखीच्या वेळी दोन माठ असायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. आजी वारकऱ्यांचे पाय चेपायची, तेल लावायची, तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्या माठाशी थांबणाऱ्यांचे पाय तिने कधी हातात घेतले नाहीत. लांबून नमस्कार करायची. आईने त्यावरून तिच्याशी एक आषाढ अबोला धरला होता.

हे त्या म्हातारीला सांगावंसं वाटलं. माझ्या स्पॅनिशमध्ये ‘माठ’ला शब्द नव्हता. ‘आमच्याकडेही’ एवढंच म्हणाले आणि जमिनीवर बोटाने रेघ ओढली. ती रेघेकडे बघत बसली. मग माझा मोजा ओला आहे असं पुटपुटत आत गेली आणि नवऱ्याचा जुना लोकरीचा जोड घेऊन आली. पैसे पुढे केले तर रागावली. खरंच रागावली.

मी वाकून तिच्या पायांना हात लावला. तिला काही कळलं नाही, माझं काही पडलंय असं समजून तीही खाली वाकली.

बायोतानंतरची दरी सगळ्यात खोल होती. कादावेदोला पोचेपर्यंत ढग उघडले, रात्री दहाला उजेड होता, कड्यावरची ला रेगालिनाची चिमुकली पांढरी-निळी घुमटी उन्हात दिसत होती. दुसऱ्या दिवशी लुआर्काला मोजा उतरवला तेव्हा फोड बसला होता. दोरा तसाच होता. मी ओढला नाही.