‘लसीची ॲलर्जी’ हा शेरा काढून घेताना

माझ्या मुलीला कुठल्याही लसीची ॲलर्जी नाही. एवढं एक वाक्य सही-शिक्क्यानिशी मिळवायला जो मनस्ताप झाला, तो दुसऱ्या आईबापांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितेय.

ती पाचवीत असताना शाळेत टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, लस दिली. लेक रांगेत शेवटी होती. पुढच्या मुलींचं रडणं बघत उभी, आणि सकाळची शाळा म्हणून पोटात चहा-बिस्किटापलीकडे काही नाही. सुई घेऊन चार पावलं चालली, ओठ पांढरे पडले आणि कोसळली. पोषण आहाराच्या खोलीतून कुणीतरी फोडलेला कांदा घेऊन धावलं. सिस्टरनी तो बाजूला सारला, तिला सपाट झोपवलं, पाय दप्तरांवर उंच ठेवले आणि नाडी धरून बसल्या. थोड्याच वेळात तिने डोळे उघडले. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

माझा राग आहे तो शाळेच्या आरोग्यपत्रिकेवर नंतर लाल शाईने पडलेल्या शेऱ्यावर: ‘लसीची ॲलर्जी. यापुढे लस देऊ नये.’ लिहिणारं कुणी डॉक्टर नव्हतं.

पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस द्यायला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पत्रिका वाचून लस थांबवली. जिथे त्रास झाला तिथून लिहून आणा म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पण शाळा म्हणे, आरोग्य खात्याच्या पत्राशिवाय आम्ही शेरा खोडणार नाही. आरोग्य केंद्र म्हणे, आम्ही ॲलर्जी लिहिलीच नाही, तर पत्र कसलं देऊ? त्या दिवशीची नोंद दाखवा म्हटलं, तर रजिस्टर तालुक्याला गेलेलं. तालुक्याला अर्ज दिला, तर साहेब मीटिंगला. परत गेले, तर अर्जच सापडेना. टेबलापलीकडून ऐकायला मिळालं, “नका देऊ हो ती लस, कशाला एवढी धावपळ?” कर्करोगापासून वाचवणारी लस, ती कुणाच्या तरी एका चुकीच्या ओळीपायी सोडून द्यायची? मी तिथेच बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला आणि झेरॉक्सवर आवक क्रमांक टाकून पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका. तो क्रमांक दाखवला की शोधाशोध सुरू होते.

रजिस्टर सापडलं, आणि त्यात सिस्टरांच्या अक्षरात सगळं होतं: नाडी मंद, घाम, अंगावर पुरळ नाही, श्वास मोकळा, झोपवल्यावर शुद्धीवर. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी ती ओळ वाचली आणि लगेच पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मला समजावलं. भीतीने किंवा दुखल्याने हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि घेरी येते. आडवं केलं की मूल सावरतं. गंभीर ॲलर्जीत नाडी जोरात पळते, अंगावर गांधी उठतात, ओठ-चेहरा सुजतो, श्वासाला घरघर लागते. नुसतं झोपवून ते थांबत नाही, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हाही शाळांमधून मुलांना चक्कर आल्याच्या बातम्या येत होत्या. एक पडलं की बघणाऱ्यांनाही भोवळ येते, म्हणून लस टोचायची खोली वेगळी हवी आणि रांग बाहेर, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून मूल पडलं तर त्याच दिवशी, तिथेच, नाडी, रक्तदाब, पुरळ आणि श्वास यांची नोंद डॉक्टरांकडून केसपेपरवर मागून घ्या. शुद्धीत येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. आधी कधी चक्कर आली असेल तर ते टोचण्यापूर्वीच सांगा.

पत्र दाखवल्यावर मुख्याध्यापकांनी शेरा खोडून सही केली. एचपीव्हीचा पहिला डोस लेकीने पोटभर नाश्ता करून, पलंगावर आडवं पडून घेतला आणि अर्धा तास तशीच पडून राहिली. काहीही झालं नाही. सहा महिन्यांनी दुसराही झाला. त्या पत्राच्या दोन प्रती काढून ठेवल्यात, कारण सोळाव्या वर्षी टीडी पुन्हा आहे.