प्रवाळाची मोटर

"समुद्राचं पाणी आंबट होऊन राहिलं म्हणता, मंग ते पोवळं विरघळत काऊन नाही जी सर?"

पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, टपरीवर खर्रा घोटता घोटता, कुठेही हा प्रश्न येतो. मी चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. इथून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. प्रवाळ मी जन्मात एकदाच पाहिलं, मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घालून. तरी प्रश्न मलाच विचारतात, कारण त्याची सुरुवात मीच केली. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

सुरुवात झाली ती चुन्याच्या निवळीपासून. प्रयोग जुनाच: पानाचा चुना पाण्यात कालवायचा, वरची निवळी काचेच्या ग्लासात घ्यायची आणि नळीनं फुंकायचं. निवळी दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळतो आणि बारीक चुनखडी तयार होते. पुस्तकात प्रयोग इथेच संपतो, मीही वर्षानुवर्षं इथेच संपवायचो. एकदा सातवीतली एक पोरगी हट्टानं फुंकतच राहिली. पाचेक मिनिटांनी तिचा ग्लास पुन्हा नितळ! ती रडवेली झाली, प्रयोग बिघडला म्हणून. खरं तर पुढचा अर्धा धडा तिनंच शिकवला होता. वायू थोडा असला तर चुनखडी बनते, जास्त झाला की तीच विरघळते.

समुद्रात नेमकं हेच चाललंय, फक्त फुंकणारे आपण सगळे आहोत. आपण हवेत सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा कार्बन डायऑक्साइड समुद्र पितो. माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' (pH) हा रकाना असतो ना, तोच समुद्राचाही मोजतात; 7 च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी तो 8.2 च्या आसपास होता, आता 8.1 आहे. म्हणजे पाणी आंबट झालेलं नाही, आपल्या काळ्या मातीसारखं ते अजून अल्कधर्मीच आहे. पण सामूचं माप फसवं असतं. एवढ्याशा उतारात पाण्यातले हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचे कण, पाव हिश्श्याहून जास्त वाढले, आणि ते मोकळं कार्बोनेट धरून ठेवतात. प्रवाळाला घर बांधायला लागतं ते नेमकं हेच.

आमचा या हिशेबात हात आहे, हे इथल्या लोकांना सांगावं लागतं. गावाच्या चहूबाजूंनी चुनखडीच्या खाणी आहेत. पोरांना वाटतं, हा दगड प्रवाळाचाच. तसं नाही. हा दगड इतका जुना की तो साचला तेव्हा प्रवाळ काय, कोणताच हाडाकवचाचा प्राणी पृथ्वीवर नव्हता. सिमेंटसाठी तो भाजला की 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो वायू निघतो, कोळशाचा धूर वेगळाच. तिकडे एक जीव जे कणाकणानं जोडतो, ते इकडे आपण ट्रकनं फोडतो.

तर मग विरघळत का नाही? कारण प्रवाळ हा नुसता दगड नाही. दगडावर पातळ कातडीसारखे जिवंत जीव बसलेले असतात. त्यांची कातडी आणि खालचा दगड यांच्यात केसाहूनही बारीक फट असते आणि तिथे थोडंसं पाणी. प्रवाळ बाहेरच्या समुद्रात घर बांधत नाही, या फटीतल्या पाण्यात बांधतं. दगडाचा प्रत्येक कण जमताना आम्ल सुटतं. ते साचलं तर काम बंद. म्हणून पेशी पंप चालवतात: एक कॅल्शियम आत, दोन हायड्रोजन बाहेर. बाहेर 8.1 असताना आत 8.5 च्या आसपास सामू राखून बसतात.

इथपर्यंत आलं की लोक खूश होतात. "म्हणजे जमते त्याले!" जमतं, पण फुकट नाही.

आमच्या विहिरीला माझ्या लहानपणी तीस फुटांवर पाणी होतं. आज ते खूप खाली गेलंय. पाइपातून पाणी तेवढंच पडतं, ओलितही तेवढंच होतं. बाहेरून बघणारा म्हणेल, काय फरक पडला? फरक मोटरला विचारा, फरक बिलात बघा. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन वाढले की प्रवाळाची विहीर खोल जाते. तोच दगड, पण उपसा जास्त.

हे बिल भरतं कोण? प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल. ते उन्हात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणून प्रवाळाचं बांधकाम दिवसा साधारण तिपटीनं चालतं. (आमच्या शेतीची लाईन रात्री येते. प्रवाळाचं नशीब तेवढं बरं.) पाणी फार तापलं की हेच शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. मोटरवर भार वाढलाय, त्यातच लाईन गेली! 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरचं चौथं विरंजन, म्हणजे असंच पांढरं पडणं, जाहीर केलं. माझ्या मते एकट्या आम्लाची भीती घालणं अर्धवट आहे. खरं संकट हे दोन्ही एकाच हंगामात येण्याचं आहे.

काटकसरीची खूण दगडात सापडते. पोराइटीस नावाच्या गोलमटोल प्रवाळांवरचा 2018 चा एक अभ्यास सांगतो की आम्लीकरणानं उंची फारशी घटत नाही, घटते ती घनता. आमच्या शेतकऱ्याला एवढं पुरे: धांडा उभा आहे, दाणा पोचट आहे. वादळाची लाट आली किंवा पोखरणारे किडे लागले की फरक कळतो.

पापुआ न्यू गिनीत समुद्राच्या तळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी वर येतो, म्हणजे उद्याचा समुद्र आजच बघायला मिळतो. 2011 मध्ये तिथली पाहणी प्रसिद्ध झाली. सामू 7.8 पर्यंत उतरला तिथे गोल पोराइटीस टिकून होते, फांद्याफांद्यांची प्रवाळं विरळ झाली होती. 7.7 च्या खाली खडक बनणंच थांबलेलं. टिकलं खरं, पण मासे लपतात ते फांद्यांत, गोट्यावर नाही.

माझा आवडता प्रयोग 2007 चा, भूमध्य समुद्रातल्या प्रवाळांवरचा. त्यांना सामू बराच उतरवलेल्या पाण्यात ठेवलं, तर त्यांचा सांगाडा पार विरघळला आणि उरले उघडे, मऊ जीव. ते मेले नाहीत, महिनोन्महिने जगले. नेहमीच्या पाण्यात परत ठेवल्यावर त्यांनी पुन्हा दगड बांधायला घेतला. प्रयोगशाळेत, जिथे खाणारा मासा नाही न् लाट नाही. याला जुळवून घेणं म्हणायचं का? घर मोडून पालात राहणाऱ्याला आपण 'त्याचं चाललंय बरं' म्हणतो, तेवढंच.

त्या पोरीचा नितळ ग्लास मी खिडकीत ठेवून विसरलो. उन्हाळ्याची सुट्टी संपवून आलो तर पाणी उडून गेलेलं आणि काचेला आतून पांढरा थर. विरघळलेला चुना परत आला होता. वर्गाला दाखवायला म्हणून शोधेपर्यंत शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी तो उचलला होता.

"केवढा घासला सर, निघेच ना," त्या म्हणाल्या. "मंग चिंच लावली."