तुम्ही विचारलंत म्हणून: वारली चित्र हलवायचं कसं?

‘वारली आकृती म्हणजे त्रिकोण आणि काड्याच. कॉम्प्युटरवर एकदा बनवली की हवी तशी नाचवता येईल ना?’ अ‍ॅनिमेशन शिकणारे हमखास हे विचारतात. नाचवता येईल, पण तो वारल्यांचा नाच असणार नाही.

तारपा नाचात तारपा (भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा मधे असतो आणि त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा नियम. तो वळला की रांग वळते. आयतं वर्तुळ फिरवलंत तर सगळे जात्याच्या वरच्या तळीसारखे एकदम फिरतात, पाय जमिनीवरून घसरतात. म्हणून प्रत्येकाची हालचाल पुढच्यापेक्षा दोन फ्रेम (म्हणजे एकामागून एक दिसणारी दोन चित्रं) उशिरा सुरू करा. वीस जण असतील तर शेवटचा ३८ फ्रेम मागे राहतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर साधारण दीड सेकंद. मग वळण रांगेतून सरकत शेपटापर्यंत पोचताना दिसतं. वारली चित्रातलं नाचणाऱ्यांचं वेटोळं याच सरकण्याचं आहे!

आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्रं नंतर. मिनिटाला १०० ठेके असतील तर ठेक्याला १४.४ फ्रेम येतात. सोयीसाठी १४ धरल्या की साठाव्या ठेक्याला पाय तारप्याच्या एक सेकंद पुढे गेलेले असतात. शिवाय माणूस यंत्रासारखा वाजवत नाही. पाऊल नेमकं कुठल्या फ्रेमवर पडतं ते ऐकून मांडा. चित्रासाठी तारप्याचं रेकॉर्डिंग कापू नका.

आकृतीचा सांधा धडाच्या दोन त्रिकोणांची टोकं जुळतात तिथे, म्हणजे कमरेत ठेवा. तो कुल्ल्यावर ठेवला तर वाकताना कंबर तुटते.

गेरूच्या भिंतीवरच फ्रेम टिपणार असाल तर घाई नको. तांदळाचं पीठ ओलं असताना फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतं. वाळलं की पांढरं उठतं. अर्धवट वाळलेल्या रेषा टिपल्या की पडद्यावर चित्र लुकलुकतं.

हे सगळं करताना वारली चित्रकार पहिल्या आराखड्यापासून सोबत हवा, शेवटी ‘तपासायला’ नव्हे. लग्नाच्या चौकाबाबत, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरच्या चौकोनी चित्राबाबत, तर नक्कीच. हा चौक सवाशिणी काढतात, त्यात सुफलतेची पालघट देवी असते, धवलेरी (वारल्यांची स्त्री-पुरोहित) लग्न लावते. तो शोभेचा पडदा नाही. पाड्यावर विचारा, नको म्हणाले तर तो प्रसंग दाराबाहेरूनच दाखवा.